क्षणभंग आणि कोरी स्लाइड

मृत माणसाची छायाचित्रे क्रमाने लावून ती जमलेल्या आप्तेष्टांसमोर एकामागून एक दाखवावयाची, ही चाल चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलमुलखातील काही घरांतही आता हळूहळू रुळू लागली आहे. कुठे तेरवीच्या दिवशी, कुठे बौद्ध कुटुंबातील पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून किंवा घरच्याच टीव्हीला लॅपटॉप जोडून हा चित्रांचा ओघ दाखविला जातो. आणि तो सिद्ध करणारा बहुधा घरातला एखादा शिकता नातू असतो, ज्याच्याजवळ महागडी आज्ञावली विकत घेण्याची ऐपत नसते आणि सुदैवाने तशी गरजही नसते. ज्या कामाला एक संध्याकाळ पुरते त्या कामाबरोबर भारतीय दर्शनांना शतकानुशतके अस्वस्थ करणारा एक प्रश्न त्या घरात येऊन बसतो, आणि तो असा की, पहिल्या चित्रातली परकरी पोर आणि शेवटच्या चित्रातली सुरकुतलेली म्हातारी ही एकच व्यक्ती होय, हे आपण नेमके कशाच्या बळावर म्हणतो? तत्त्वज्ञान हा पाठशाळांचा विषय आहे असे मानण्याची आपली सवय इतकी जुनी आहे की, दुःखाच्या प्रसंगी साध्या माणसांच्या हातून तेच तत्त्वज्ञान आचरले जात असताना आपले तिकडे लक्षही जात नाही.

साधनाचा तपशील प्रथम थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण पुढचा विचार त्यावरच उभा राहणार आहे. लिब्रे ऑफिस नावाचा जो कार्यालयीन आज्ञावलींचा संच आज कोणालाही विनामूल्य मिळतो, त्याचे मूळ जर्मनीत मार्को ब्योरिस याने १९८५ मध्ये स्थापन केलेल्या स्टार डिव्हिजन या कंपनीपर्यंत जाते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये ती कंपनी विकत घेतली, पुढच्या वर्षी त्या आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांना खुली केली, आणि सप्टेंबर २०१० मध्ये तीवर काम करणाऱ्या मंडळींनी द डॉक्युमेंट फाउंडेशन या नावाने वेगळी चूल मांडून लिब्रे ऑफिसचा आरंभ केला. दूरदेशीच्या अनोळखी माणसांनी वर्षानुवर्षे झिजून केलेले हे काम चंद्रपूरच्या मूल तालुक्यातल्या एका कौलारू घरात एका आजीच्या स्मरणासाठी उपयोगी पडते, यातली उदारता मला फार मोठी वाटते. या संचातील इम्प्रेस या विभागात इन्सर्ट, मीडिया आणि फोटो अल्बम अशा पायऱ्या उतरत गेले की एक खिडकी उघडते. तीत छायाचित्रे निवडावयाची, त्यांचा क्रम वरखाली करावयाचा, एका स्लाइडवर एक, दोन की चार चित्रे हवीत ते सांगावयाचे, हवी असल्यास प्रत्येक स्लाइडवर मजकुराची जागा मागावयाची, आणि मग, ती खिडकी मिटल्यावर, स्लाइड ट्रान्झिशनच्या भागात प्रत्येक स्लाइड किती सेकंदांनी आपोआप पुढे सरकावी हे ठरवावयाचे. एवढ्याने काम होते.

आता या साध्या यंत्ररचनेकडे क्षणभंगवादी बौद्धाच्या दृष्टीने पाहावे. जे जे सत् आहे ते ते क्षणिक आहे, हा त्या दर्शनाचा सिद्धांत. वस्तू टिकते असे आपण म्हणतो तेव्हा वस्तुतः एकामागून एक उत्पन्न होणाऱ्या आणि उत्पन्न होताच विलय पावणाऱ्या क्षणांची एक संतती आपल्यापुढून जात असते, आणि त्या संततीलाच आपण व्यवहारासाठी एक नाव देतो. ग्रीक राजा मिलिंद याने भदंत नागसेनांना विचारले होते की, जन्मलेले मूल आणि तेच वाढून झालेला माणूस हे एकच की निराळे. आणि नागसेनांनी रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दाखला देऊन, पहिल्या प्रहराची ज्योत व शेवटच्या प्रहराची ज्योत ही तीच नव्हे आणि दुसरीही नव्हे, असे उत्तर दिले. चंद्रपुरात हा विचार पोथीतला राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिल्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात सहस्रावधी लोकांना दीक्षा दिली, आणि पुढच्या वर्षी, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झालेल्या त्यांच्या धम्मविषयक ग्रंथात आत्म्याचे अस्तित्व आणि त्याचे देहांतर ही दोन्ही त्यांनी निःसंदिग्धपणे नाकारली. तेव्हापासून या जिल्ह्यांतल्या असंख्य घरांतून श्राद्ध गेले, पिंड गेला, कावळ्याची प्रतीक्षाही गेली. मात्र मेलेल्या आईची आठवण कुठे ठेवावयाची हा प्रश्न उरलाच. आणि आत्मा न मानणाऱ्या घराने तो कसा सोडवावा, याचा विचार मी चित्रांच्या या ओघाच्या निमित्ताने पुष्कळ केला आहे.

चित्रपटाहून हा ओघ निराळा आहे, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. चित्रपटात सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे डोळ्यांपुढून जातात आणि डोळा फसतो; जेथे केवळ क्षण आहेत तेथे त्याला सलग हालचाल दिसते, आणि सातत्याचा भास इतका पूर्ण असतो की प्रश्न विचारण्याची बुद्धीच होत नाही. स्लाइडींचा ओघ असे करीत नाही. चित्र पाच-सात सेकंद थांबते, मग जाते, मग दुसरे येते. मधला खंड उघडा दिसतो. त्या खंडात किती वर्षे गेली, किती बाळंतपणे, किती दुष्काळ, किती रोवण्या गेल्या, याची चित्रे काही साक्ष देत नाहीत. क्षणांचा तुटकपणा असा ढळढळीत समोर असूनही बघणारा मनुष्य ‘हीच ती’ असे म्हणतो. डोळ्याची फसगत येथे कारण म्हणून सांगता येत नाही, म्हणून ‘हीच ती’ या प्रत्ययाचे कारण अन्यत्र शोधणे प्राप्त होते.

या प्रत्ययाला शास्त्रात प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि बौद्धांविरुद्ध वैदिक दर्शनांनी जे खटले चालविले त्यांतील मुख्य साक्षीदार हीच होती. बौद्ध म्हणत, कापलेली नखे आणि केस पुन्हा उगवतात तेव्हाही आपण ‘तेच केस’ म्हणतो. तेथे ऐक्य नसते, केवळ सादृश्य असते, आणि सादृश्यावरून ऐक्याचा भ्रम होतो. यावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या तर्कपादावरील भाष्यात घेतलेला आक्षेप मार्मिक आहे: हे त्याच्यासारखे आहे असे म्हणण्यासाठी तरी दोन्ही क्षण पाहणारा कोणी एक हवा, आणि तो जर दोन्ही क्षणांना हजर असेल तर तो क्षणिक कसा? पुढे उदयनाचार्यांनी आत्मतत्त्वविवेकात क्षणभंगाच्या खंडनासाठी आपली सारी बुद्धी पणाला लावली, तर रत्नकीर्तीसारख्या बौद्ध आचार्यांनी त्याच क्षणभंगाच्या सिद्धीसाठी तितक्याच निकराने ग्रंथ रचले. दोन्ही पक्षांची बुद्धिमत्ता वंदनीय आहे. तथापि दोहोंनाही एक गोष्ट गृहीत होती असे मला दिसते, ती ही की, ओळखणारा एकटा असतो. एक द्रष्टा, त्याच्यापुढे दोन क्षण, आणि प्रश्न एवढाच की तो द्रष्टा टिकाऊ आहे की नाही.

प्रत्यक्षात असे घडत नाही. मूल तालुक्यातील एका गावी अशाच एका कार्यक्रमाला मी उपस्थित होतो. मृत म्हातारीने सारा जन्म धानाच्या बांधीत, मोहफुलांच्या झाडाखाली आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता संकलनाच्या फळीवर काढलेला. तिची जुनी छायाचित्रे ती किती असणार! नातवाने पेटीतून, नातलगांच्या भिंतींवरून आणि रेशनकार्डावरून जमवून ती मोठ्या निष्ठेने लावली होती. आरंभीच एका जत्रेतल्या स्टुडिओत, रंगविलेल्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या तरुण स्त्रीचे चित्र आले, आणि मुलगे, सुना, नातवंडे सर्वांनी ती आपलीच माय म्हणून हात जोडले. तेवढ्यात मागे बसलेली एक वृद्ध स्त्री स्पष्ट स्वरात म्हणाली, “हे माय नोहे, हे मावशी होय. माय तवा माहेरी नोहोती.” क्षणभर गोंधळ झाला, आणखी दोन म्हाताऱ्यांनी दुजोरा दिला, कानातल्या दागिन्यावरून, त्या वर्षीच्या जत्रेवरून, कोण कोणाबरोबर बैलगाडीत होते यावरून शहानिशा झाली, आणि जे चित्र पोटच्या मुलांना आईचे वाटले होते ते आईचे नाही हे सर्वांनी मान्य केले. पोटची मुले सादृश्याला फसली, आणि खरे काय ते अनेकांच्या साक्षीतून बाहेर आले. त्या खोलीत ‘हीच ती’ किंवा ‘ही ती नव्हे’ असे म्हणणारा कोणी एक नित्य द्रष्टा नव्हता. एकीला दागिना आठवत होता, दुसरीला साल, तिसरीला रस्ता. आणि या तुकड्यांची जुळणी होऊन ओळख सिद्ध झाली. प्रत्यभिज्ञा ही एका चित्तात घडणारी घटना नसून ती नात्यागोत्याच्या मंडळात घडते, आणि म्हणूनच तिच्यासाठी नित्य आत्म्याची गरज पडत नाही आणि केवळ सादृश्याच्या भ्रमावर तिची बोळवणही करता येत नाही, असे माझे मत त्या दिवसापासून पक्के झाले आहे.

याला याच प्रदेशातील एक प्राचीन आधार आहे. भामरागडच्या बाजूला माडिया गोंडांच्या गावांजवळून जाताना वाटेच्या कडेला उभ्या रोवलेल्या शिळा दिसतात. त्या त्यांच्या मृतांच्या आहेत. त्यांवर चेहरा नाही, अक्षर नाही, टाकीचा घावही नाही. मृताशी त्या शिळेचे कसलेच सादृश्य नाही. तरीही गावातला जाणता माणूस कोणती शिळा कोणाची ते सांगतो. आप्तांनी मिळून ती आणली, उभी केली, आणि ती कोणाची हे सर्वांच्या देखत ठरले, एवढ्यावर ती त्या माणसाची झाली. छायाचित्राने आपली अशी समजूत करून दिली आहे की, स्मरण म्हणजे चेहऱ्याची हुबेहूब प्रत. परंतु स्मरणाचा प्राण प्रतीत असता तर त्या शिळा केव्हाच मुक्या झाल्या असत्या. सादृश्याशिवाय ओळख टिकते, आणि आपण पाहिलेच की सादृश्य असूनही ओळख चुकते. केवळ चित्ताच्या व्यापारावर विसंबलेल्या पंडितांपेक्षा या बाबतीत माडिया समाजाचा अनुभव मला अधिक खोल वाटतो.

आनंदाची गोष्ट ही की, ओळख अनेकांच्या साक्षीने ठरते हे तत्त्व आपल्या कायद्यानेही एका ठिकाणी मान्य केले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांत दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील याची जी यादी आहे, तीत सरकारी दस्तऐवजांच्या जोडीला दफनभूमी व पवित्र स्थाने यांसारख्या जुन्या खुणा येतात, वंशावळ येते, आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले निवेदनही येते. ज्या मुलखात पिढ्यानपिढ्या ना सातबारा होता ना सनद, त्या मुलखातल्या माणसांना आपले येथले वास्तव्य सिद्ध करण्यासाठी अखेर शेजारच्या म्हाताऱ्याच्या स्मरणाचा आश्रय घेता यावा, यात मला केवळ प्रशासकीय सोय दिसत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावाने निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत आधीपासून पाळली होती. वृद्धांचा शब्द सर्वांसमोर ऐकला जावा, त्यावर बोलणे व्हावे आणि मग तो गावाचा शब्द व्हावा, ही सवय ज्या भूमीत आहे तेथे चित्रे ओळखण्याचे कामही त्याच रीतीने व्हावे, हे स्वाभाविक आहे.

येथवर ओळखीचा विचार झाला. त्याहून कठीण विचार न दिसणाऱ्याचा आहे. मी वर सांगितलेल्या त्या म्हातारीच्या आयुष्यातील पहिल्या पन्नास वर्षांची चित्रे, मावशीचे ते एक वजा जाता, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. आणि मोबाइल आल्यानंतरच्या अखेरच्या वर्षांची शेकड्यांनी होती. प्रत्येक चित्राला पाच सेकंद असा सरसकट हुकूम दिला की हिशेब उघड आहे: जन्मभराच्या कष्टाला अर्धे मिनिट, आणि खाटेवर बसून नातवंडांबरोबर हसण्याला पाव तासाहून अधिक. पाहणाऱ्या पोरांच्या मनात आजी म्हणजे खाटेवरची हसरी म्हातारी एवढेच उरणार, आणि जिने डोक्यावरून लाकडे वाहिली, पावसात वाकून रोवणी केली, ती स्त्री जणू कधी जन्मलीच नाही असे होणार. सर्व स्लाइडींना एकच कालावधी लावण्याची कळ दाबताना आपण समान न्याय केला असे वाटते. परंतु ज्यांच्या वाट्याला कॅमेराच आला नाही त्यांच्यावर तो अन्याय होतो. श्रीमंताचे बालपण नोंदले गेले आणि मजुराचे गेले नाही, ही विषमता तो नातू मिटवू शकत नाही, पण ती झाकावी की दाखवावी हे मात्र त्याच्या हाती आहे.

माझे सांगणे असे की, जेथे चित्र नाही तेथे कोरी स्लाइड घालावी. तिच्यावर केवळ गावाचे नाव आणि अदमासे साल लिहावे, आणि तिला चित्रापेक्षा कमी वेळ देऊ नये. कोणी म्हणेल, रिकाम्या पडद्याकडे लोकांनी काय म्हणून पाहावे? त्याला मी कुमारिल भट्टांचे स्मरण करून देईन. प्रत्यक्ष, अनुमान इत्यादी प्रमाणांच्या पंक्तीला भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे सहावे प्रमाण बसविले. जे दिसावयास हवे होते ते दिसत नाही, हे जाणणे हेही ज्ञानच होय, असा त्यांचा आग्रह होता. वैशेषिकांच्या परंपरेनेही पुढे अभावाला सातव्या पदार्थाची जागा दिली. अभाव हा कशाचा तरी अभाव असतो; तो ज्याचा आहे त्याची आठवण असल्याशिवाय तो कळतच नाही. म्हणून कोऱ्या स्लाइडीपुढे बसलेले मंडळ गप्प राहत नाही. त्या गावी मी पाहिले की, चित्रे चालू असताना लोक बघत होते आणि एक चित्र उघडेना म्हणून पडदा रिकामा राहिला तेव्हा ते बोलू लागले: त्या सालच्या पुराविषयी, एका गेलेल्या लेकराविषयी, फळीवरच्या मुकादमाविषयी. चित्राने जे झाकले होते ते अभावाने उघडे केले.

चित्र असते तेथेही एक अडचण उरते. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याचे देवालय आहे, जेथे नदी उत्तरवाहिनी झाली आहे आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. ज्याचे आयुष्य सोळाच वर्षांचे होते आणि ज्याला शिवाने यमपाशातून सोडविले तो मार्कंडेय सदैव सोळा वर्षांचाच राहिला, अशी कथा आहे. छायाचित्र प्रत्येक मृताला तसेच एका वयात थांबविते, आणि प्रिय माणूस कधीतरी थांबावे ही मनुष्याची आस इतकी खरी आहे की तिला मी मोह म्हणून बाजूला सारू इच्छीत नाही. पण देवाने थांबविलेला मार्कंडेय तपस्वी होऊन जगत राहिला. चित्रात थांबलेला माणूस जगत नाही. त्याला पुन्हा काळात आणावयाचे तर चित्राच्या अलीकडचे आणि पलीकडचे कोणी सांगितले पाहिजे.

लपविण्याविषयी थोडे बोलणे भाग आहे. इम्प्रेसमध्ये एखादी स्लाइड न पुसता लपविता येते. ती फाइलीत राहते, दाखविताना मात्र वगळली जाते. रुसून गेलेला भाऊ, टाकलेली पहिली बायको, जातीबाहेर लग्न केलेली मुलगी यांची चित्रे घरोघर अशी लपविली जातात. शोकाच्या दिवशी जखमा उकलू नयेत हे मला समजते, आणि त्या दिवसापुरते लपविणे मी क्षम्य मानतो. पुसणे मी क्षम्य मानत नाही. मृताच्या नात्यांचे ते मंडळ ज्यांनी बनले होते त्यांतील एकाला पुसून टाकणारा मनुष्य मृताच्याच ओळखीचा एक साक्षीदार नाहीसा करतो.

यातून व्यवहारात काही गोष्टी निघतात. स्लाइड आपोआप सरकू देऊ नये. ती कळ दाबल्यावरच पुढे जावी अशी योजना इम्प्रेसमध्ये आहे, आणि कळ दाबणाऱ्या नातवाने घरातल्या सर्वांत वयस्क बाईकडे पाहून, तिचे बोलणे झाल्यावरच ती दाबावी. फोटो अल्बमच्या खिडकीत चित्रे केवळ जोडून ठेवण्याचा एक पर्याय असतो. तो निवडला तर फाइलीत चित्र न राहता चित्राचा पत्ताच राहतो, आणि ती फाइल पेनड्राइव्हवर घालून गडचिरोलीहून पुण्याच्या मुलाकडे नेली की चित्राच्या जागी रिकामी चौकट येते. त्या पर्यायापुढची खूण काढून टाकावी. फाइल ओडीपी या खुल्या प्रकारात ठेवावी, कारण तो २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य आहे आणि कोणा एका कंपनीच्या मर्जीवर त्याचे वाचन अवलंबून नाही. आणि प्रत्येक स्लाइडीमागे टिपांसाठी जी जागा असते, जी पडद्यावर दिसत नाही पण फाइलीत कायम राहते, तीत वनहक्काच्या दाव्यातील निवेदनासारखी नोंद करावी: मौजे, तालुका, अंदाजे साल, चित्रातील इसम कोण, कोणी ओळखले, कोणत्या तारखेला, आणि कोणाचे मत वेगळे पडले असल्यास तेही. कोऱ्या स्लाइडीमागील नोंद सर्वांत लांब होईल, तशी ती होऊ द्यावी. ज्यांच्या तोंडून ती घ्यावयाची त्यांपैकी बहुतेकांनी आता सत्तरी ओलांडली आहे. धानाची मळणी आटोपली आणि मोहफुले पडू लागण्यास अवकाश असला की गावात माणसे थोडी मोकळी असतात, आणि या कामासाठी कोणाच्या तेरवीची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.